भावजींनी भरलेलं शून्य

धाराशिव जिल्ह्यात भिण्यासारखं म्हणून जे जे काही आहे, त्या प्रत्येकाला माझे भावजी एकदा तरी भिऊन आलेले आहेत. कुत्रं, वीज, गॅसची टाकी, वरातीतला घोडा, इंजेक्शन, हे तर झालंच. त्यात कुणी एवढं नवल करणार नाही. पण फुगलेल्या भाकरीतून फुस्सकन निघणारी वाफ, न्हाव्याच्या दुकानातला मागचा आरसा आणि "जरा इकडं या बरं" म्हणणारा कुठलाही माणूस, यांनाही ते भितात. येरमाळ्याच्या स्टँडवर कळंबची पाटी लावलेली गाडी समोर उभी असली तरी आधी कंडक्टरला, मग ड्रायव्हरला आणि मग खिडकीत बसलेल्या एखाद्या म्हातारीला विचारणार, "ही कळंबलाच जाते ना?" एकदा एक म्हातारी म्हणाली, "म्या तर चाललेय बाबा, गाडीचं गाडीला ठाऊक." झालं! भावजी पिशवीसकट खाली उतरले आणि गाडी त्यांच्या देखत निघून गेली. घरी आल्यावर मला म्हणाले, "वैनी, तिलाच खात्री नव्हती हो."

हे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते शाळेत जात होते. माप ओलांडताना माझा पाय जरा जोरात लागला आणि तांदळाचं माप उडून थेट त्यांच्या गुडघ्याला बसलं. तेव्हापासून ते माझ्यापासून हातभर लांब उभे राहूनच बोलतात. अभ्यासात मात्र हुशार. शिकले, पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीला लागले, आणि लॉकडाऊनमध्ये सगळी दुनिया घरी आली तेव्हा तेही कॉम्प्युटर छातीशी धरून घरी आले. पुढं दुनिया परत गेली, हे राहिले. कंपनीला घरून काम चालत होतं आणि भावजींना घराबाहेर काहीच चालत नव्हतं, असा दोघांचा मेळ बसला. ते ज्या भाषेत प्रोग्राम लिहितात तिचं नाव पायथन. पायथन म्हणजे अजगर, हे मुलींच्या पुस्तकात वाचल्यावर मी पोट धरधरून हसले. जो माणूस मोरीत गांडूळ दिसलं की पाटावर चढून मला हाक मारतो, तो दिवसभर अजगर मांडीवर घेऊन बसतो म्हणायचं!

त्यांचं लाडकं काम म्हणजे मॅट्रिक्स. मी एकदा विचारलं, "हे मॅट्रिक्स म्हणजे आहे तरी काय, भावजी?" तर त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या फळ्यांकडं बोट केलं. आडव्या ओळी, उभे रकाने, आणि जिथं दोन्ही भेटतात तिथं एक डबा. कुठलीही वस्तू मागायची तर आधी ओळ सांगायची, मग रकाना. एवढंच. त्यात मेख अशी की कॉम्प्युटर पहिल्याला पहिला म्हणत नाही, शून्यावा म्हणतो. ही खोड भावजींच्या अंगात इतकी भिनली की ताटात पडलेली पहिली भाकरी त्यांच्या लेखी शून्यावी. तिसरी खात असताना "कितवी हो भावजी?" असं विचारलं की शांतपणे म्हणणार, "दोन." सासूबाई होत्या तोवर त्यांना वाटायचं, पोरगं उपाशी उठतं. त्या आणखी एक वाढायच्या.

विचारलं ते माझं चुकलंच म्हणायचं, कारण दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या सगळ्या डब्यांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या डकवल्या. माझ्या स्वयंपाकघरात! मी चिडले, बडबडले, आणि आठवडाभरात मलाच सवय लागली. त्यातच त्यांच्यासाठी एक स्थळ आलं. मुलीकडचे घर बघायला आले, ओसरीवर बसले. मी आधण ठेवून म्हटलं, "भावजी, तेवढा साखरेचा डबा द्या." त्यांनी एक-दोनचा डबा काढायच्या ऐवजी दोन-एकचा काढला. डबे सगळे सारखेच, स्टीलचे. मुलीच्या मामांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि ते मिठाचं पाणी गिळावं का थुंकावं या विचारात त्यांचे डोळे भरून आले. स्थळ गेलं. यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, घर डोक्यावर घेतलं. भावजी मात्र पांढऱ्याफटक चेहऱ्यानं मला म्हणाले, "वैनी, ओळ आणि रकाना उलटला. चहावर निभावलं म्हणून बरं." लग्न मोडल्याचं त्यांना काहीच नव्हतं, उलटलेल्या ओळीचा धसका मात्र त्यांनी असा घेतला की पुढं कितीतरी दिवस ते चहाचा आधी वास घ्यायचे.

पुण्यात असताना एकदा त्यांनी एक ओळ लिहून कॉम्प्युटरला सांगितलं होतं, अशाच आणखी ओळी कर. त्या द्वाडानं नव्या ओळी केल्याच नाहीत. त्याच एका ओळीला वेगवेगळी नावं देऊन मोकळा झाला. मग एकीत आकडा बदलला की सगळ्यांत बदलायला लागला आणि साहेबांपुढं शोभा झाली. तेव्हापासून एकसारखं दिसणारं काहीही त्यांच्या डोळ्यांत सलतं. माझ्या मुली जुळ्या. एकीला ताप आला की हे दुसरीच्या कपाळाला हात लावायला धावतात.

पण सगळ्यांत मोठी भीती लाल अक्षरांची. प्रोग्राममध्ये काही चुकलं की पडद्यावर लाल अक्षरं उमटतात. ती आली रे आली की भावजी खुर्ची सोडून दारात जाऊन उभे राहतात आणि तिथूनच विचारतात, "गेली का हो, वैनी?" अहो, मी चुलीपुढं बसलेली, मला काय दिसणार माडीवरचं! तरी मी "गेली गेली" म्हणायची. मग ते आत जायचे, बघायचे, पुन्हा दारात यायचे. "वैनी, हायेत की अजून."

अशा माणसाच्या हातात आम्ही आमच्या शेळ्या दिल्या.

आमच्या गावात बायकांचा शेळ्यांचा गट आहे आणि त्याची प्रमुख मी. आमच्याकडच्या शेळ्या बघितल्यात ना? काळ्याभोर, उंच, जुळी देणाऱ्या. पण गेली काही वर्षं करडं अशक्त निपजत होती, काही मेलेलीच यायची. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "बाई, तुमच्याकडं लेकीला बाप आणि बहिणीला भाऊ लागतोय. रक्त लांबचं बघा." आता शेळीचं गणगोत कोण लक्षात ठेवतंय! माझ्या शेजारी गिरजाबाई राहते, धनगराच्या घरातली. नवरा गेला, मूलबाळ नाही, घरात ती आणि तिची शेळी चंद्री. गिरजाबाई सकाळी उठल्यापासून चंद्रीशी बोलते. भाजीत मीठ जास्त झालं तरी चंद्रीला सांगते. तर या चंद्रीची मागच्या खेपेची दोन्ही करडं पोटातच मेली, आणि डॉक्टरांनी महत्प्रयासानं शेळी वाचवली. जाताना म्हणाले, "पुन्हा असं झालं तर ही राहायची नाही." गिरजाबाईनं त्यानंतर चंद्रीजवळ बोकड फिरकू दिला नव्हता. पण शेळी माजावर आली की रात्रंदिवस ओरडायची, आणि हिच्याही जिवाला वाटायचं, दारात एखादं करडू उड्या मारताना दिसावं. एके दिवशी ती चंद्रीचं दावं हातात धरून आमच्या अंगणात आली आणि माडीकडं बघत म्हणाली, "लेकरा, तुज्या त्या आकड्यांत माझ्या चंद्रीसाठी एखादा परका बोकड सापडतो का बघ की."

भावजी जिन्याच्या चौथ्या पायरीवरून खाली उतरायला तयार नाहीत. "वैनी," मला हळूच म्हणाले, "माणसांचं चुकलं तर माणसं भांडतात तरी. शेळी भांडणार नाही. मरून जाईल." मी म्हटलं, "मग नीट करा. तुमच्याइतकं भिऊन काम करणारं दुसरं कोण आहे गावात?" गिरजाबाई हलेना. भावजींना 'हो' म्हणायची भीती वाटत होती, पण समोरच्या माणसाला 'नाही' म्हणायची त्याहून जास्त. म्हणून हो म्हणाले.

मग ते दारोदार फिरले. आडव्या ओळीत बोकड, उभ्या रकान्यात शेळ्या, आणि चौकोनात नातं असलं तर एक, नसलं तर शून्य, असा त्यांचा हिशेब. शेळीला शिंगं पुढच्या बाजूला असतात म्हणून हे कायम मागच्या बाजूला उभे राहायचे, आणि तिथून विचारायचे, "हिची आई कोण? बाप कोण?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "काय भावजी, सोयरीक काढलीय व्हय?" आई सगळ्यांना माहीत असायची. बाप विचारला की पुष्कळ जणी मान हलवायच्या. "बाप ठाऊक न्हाय." असं लई ठिकाणी झालं. इथंच माशी शिंकली. ठाऊक नाही म्हणून भावजींनी ते चौकोन रिकामे सोडले, तर प्रोग्राम चालेचना. भराभर लाल अक्षरं. ते दारात, आत, परत दारात. शेवटी त्यांनी त्या रिकाम्या चौकोनांत शून्य भरलं. लाल अक्षरं गेली. पडदा कसा शांत झाला. मी खालून विचारलं, "गेली का?" तर पहिल्यांदाच आनंदानं ओरडले, "गेली, वैनी!"

मॅट्रिक्सनं चंद्रीला मळ्यातल्या वस्तीवरचा राजा नावाचा बोकड दिला. चौकोनात स्वच्छ शून्य, म्हणजे काही नातं नाही. गिरजाबाईनं राजाला हळदकुंकू लावलं. चंद्री गाभण राहिली आणि आमच्या गटात भावजींची अशी वाहवा झाली की दोन दिवस ते कुत्र्याला नुसतेच बिचकले, पळाले नाहीत.

चंद्रीला दोन-अडीच महिने झाले असतील, तेव्हा गावात लस टोचायला डॉक्टर आले. मारुतीच्या पारापुढं दोरी बांधून सगळ्या शेळ्या-बोकडांना तोंडं पाराकडं करून उभं केलं होतं. पुढं पाला टाकलेला. आम्ही बायका पुढच्या बाजूला कान धरून उभ्या, डॉक्टर पुढं, सगळं गाव पुढं. मागं एकटे भावजी. ते मला हाका मारायला लागले. आधी हळू, मग मोठ्यानं. मी वैतागून मागं गेले. म्हटलं, "काय झालं? कुणी शेपटीनं मारलं की काय?" त्यांनी नुसतं बोट दाखवलं. शेपट्यांची रांगच्या रांग. काळ्या शेपट्या, आणि त्यांतल्या कितीतरींच्या टोकाला पांढरा झुपका, चुन्यात बोट बुडवून बाहेर काढावं तसा. पुढून बघताना कधी लक्षातच आलं नव्हतं. कोण बघतंय शेळीची शेपटी! वस्तीवरच्या राजाला झुपका. आणि चार शेळ्या सोडून पलीकडं चंद्रीलाही झुपका.

आम्ही तसेच उभे असताना घंटा वाजवत देवीचा बोकड आला. हा बोकड कुणीतरी कधीतरी नवस फेडायला येडाईच्या नावानं सोडलेला. गळ्यात घंटा, कपाळाला मळवट, अंगानं वासराएवढा. गावात, मळ्यात, आजूबाजूच्या वस्त्यांवर त्याला कुठंही मोकळीक. कुणी हाकलायचं नाही, दारात आला तर भाकरी घालायची. तो ऐटीत पारावर चढला, मारुतीपुढची झेंडूची माळ खाल्ली, आणि परत जायला वळला. त्याच्या शेपटीला हातभर पांढरा झुपका.

"गिरजाकाकू," चंद्रीचा कान धरून उभ्या असलेल्या गिरजाबाईला भावजींनी मागूनच विचारलं, "चंद्रीचा बाप... हा आहे का?"

गिरजाबाईनं दोन्ही हात कानांना लावले. "देवीचा हाय त्यो, लेकरा. देवीच्या बोकडाला कुनी बाप म्हनतं व्हय? उंद्या देवीच्या मालावर हक्क सांगितल्यावानी व्हईल."

सगळ्याजणींनी तेच केलं होतं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. देवीच्या बोकडाचं नाव घ्यायचं नाही, म्हणून बाप ठाऊक नाही. आणि भावजींनी त्या 'ठाऊक नाही'चं शून्य केलं होतं, आणि शून्याचा अर्थ प्रोग्रामला एकच माहीत होता, नातं नाही. चंद्री आणि राजा एका बापाचे. भावजी पाराच्या पायरीवर बसले. "वैनी, लाल अक्षरं जावीत म्हणून भरलं हो मी ते," म्हणाले. 

गिरजाबाईला मी सांगते म्हटलं तर भावजी ऐकेनात. "शून्य माझं आहे, मीच सांगतो." दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. मी कुडाआडून ऐकत होते. अंगणाच्या कडेला उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, अडखळत, पण एक अक्षर न गाळता. गिरजाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठली, पिठाच्या हातानंच चंद्रीच्या मानेला मिठी मारून उभी राहिली, आणि म्हणाली, "हिला काय झालं तर म्या कुनाशी बोलू, लेकरा?" भावजी तसेच मागं सरकत घरी आले.

पुढचे महिने आठवले की अजून माझ्या अंगावर काटा येतो. भावजी बदलले. एके दिवशी पाटलांचं ते पिसाळल्यासारखं भुंकणारं कुत्रं त्यांच्या अंगावर आलं, तर हे त्याच्या शेजारून निघून गेले, त्याच्याकडं न बघता. एसटीत न विचारता बसायला लागले. ढग गडगडले तरी गच्चीवर उभे. एवढी मोठी भीती घरात आल्यावर बाकीच्या भीतींना बिचाऱ्यांना जागाच उरली नाही. लोक म्हणाले, धीट झालं की हो पोरगं! पण त्या दिवशी भावजी कुत्र्याला भ्याले नाहीत, तेव्हा मी पहिल्यांदा भ्याले. नंतर तर मलाही रोग लागला. शेणगोठा करताना, कपडे पिळताना, कान गिरजाबाईच्या घराकडं. चंद्री जरा वेगळी ओरडली की हातातलं टाकून मी कुडाशी धावायची. रोज सकाळी भावजी सुबाभळीचा कोवळा पाला कुडावर ठेवून यायचे. गिरजाबाई तो उचलायची, चंद्रीला घालायची, पण त्यांच्याशी बोलायची नाही. संध्याकाळी ते मला विचारायचे, "आज पोटात हललं का, विचारलंत?" मी चंद्रीच्या कुशीला हात लावून यायची आणि सांगायची, "हललं." कधीकधी मला काही कळायचं नाही, तरी तेच सांगायची.

चंद्रीला कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी, कडक उन्हात. आमचे मालक कळंबच्या बाजाराला गेलेले. डॉक्टर आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला शिबिरात होते, म्हणाले, निघतो, तोवर फोन चालू ठेवा. पहिलं करडू नीट आलं, पुढच्या पायांवर डोकं टेकवून. आम्ही श्वास सोडतोय तोच दुसऱ्याचा एकच पाय बाहेर आला आणि थांबला. चंद्री किंचाळायला लागली. फोनवरून डॉक्टर म्हणाले, "आत पाय दुमडलाय. हात घालून सरळ करावा लागेल. एकानं डोकं घट्ट धरा, शेळी उसळता कामा नये." गिरजाबाई मागं बसली. माझ्या हातात फोन आणि गरम पाणी. डोकं धरायला राहिलं कोण?

भावजी कुडाच्या पलीकडं उभे होते. मी वळून बघेपर्यंत ते आत आले होते. चंद्रीच्या पुढं गुडघे टेकले, डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हातांनी दोन्ही शिंगं धरली. आयुष्यात पहिल्यांदा ते शेळीच्या पुढच्या बाजूला होते. चंद्री उसळली, तिनं त्यांच्या छातीत ढुशी दिली, त्यांना भिंतीपर्यंत रेटलं. त्यांनी सोडलं नाही. ओठ हलत होते. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं, "शून्य, एक, दोन, तीन... शून्य, एक, दोन, तीन..." माझ्या तोंडून 'आई येडाई, आई येडाई' एवढंच निघत होतं. गिरजाबाईचा हात आत, घामाच्या धारा, आणि एकदम तो पाय सरळ झाला. दुसरं करडू आलं. तिनं त्याचं नाक पुसलं, तोंडात फुंकर घातली, गवतानं अंग चोळलं. त्यानं एकदोनदा छाती हलवली आणि ते निपचित झालं. पुष्कळ चोळलं. ते काही आमच्यात राहिलं नाही.

चंद्री मात्र मान वळवून पहिल्याला चाटायला बघत होती, पण तिला वळता येईना. गिरजाबाईनं हात धुतले, पदराला पुसले, आणि भावजींच्या खांद्यावर हात ठेवला. अडीच-तीन महिन्यांनी ती त्यांच्याशी बोलली.

"लेकरा, शिंगं सोड आता. वाचली ती."

त्यांना बोटं उघडता येत नव्हती. मी आणि गिरजाबाईनं एकेक बोट धरून सोडवलं. मग ते मोठ्यानं रडले, अगदी हुंदके देऊन, आणि गिरजाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत तेच म्हणत राहिली, "वाचली की रं, वाचली." डॉक्टर आले, चंद्रीला तपासून म्हणाले, शेळी ठणठणीत आहे. भावजींनी विचारलं, "दुसरं नात्यामुळं गेलं का?" डॉक्टर म्हणाले, "असेल. नसेलही. सांगता येत नाही." भावजींनी मान डोलवली आणि मेलेलं करडू आपल्या गमछ्यात गुंडाळून बांधावर पुरून आले.

त्यानंतर त्यांनी सगळा प्रोग्राम नव्यानं लिहिला. पुन्हा दारोदार फिरले, या खेपेला सगळ्या बाजूंनी. देवीच्या बोकडाला मॅट्रिक्समध्ये मानाची ओळ दिली, सगळ्यांत वरची, म्हणजे शून्यावी. त्यासाठी आधी नारळ फोडून आले, म्हणून बायकांनीही मग मोकळेपणानं सांगितलं. जे कुणालाच ठाऊक नाही त्याला शून्यापेक्षा निराळी खूण केली. आणि लाल अक्षरांना जन्मभर भ्यालेल्या त्या माणसानं स्वतःच्या हातानं प्रोग्राममध्ये नवी लाल अक्षरं घातली, मराठीत. सगळं मला शिकवलं. हातभर लांब उभं राहून, अर्थातच.

मागल्या वर्षी कंपनीनं त्यांना हैदराबादला बोलावून घेतलं. आठवड्यातून एकदा फोन येतो. छान बोलतात. "सगळं ठीक आहे वैनी, काही काळजी नाही." मेट्रोनं जातात, लिफ्टनं बाराव्या मजल्यावर चढतात, ऑफिसातल्या कुणाच्या तरी कुत्र्याला फिरवतात म्हणे. ऐकून बरं वाटतं. पण फोन ठेवल्यावर वाटतं, मी कुणा भलत्याच पाहुण्याशी बोलले. माझे भावजी असं कधी बोलले होते? "काही काळजी नाही"?

चंद्रीचं ते वाचलेलं करडू मादी निघालं, आमच्याकडं तिला पाठ म्हणतात, ती आता मोठी झालीय. उड्या मारून मारून तिनं गिरजाबाईचं कौल फोडलंय. परवा गिरजाबाई कुडापलीकडून म्हणाली, "हिच्यासाठी बघ गं बोकड." दुपारची कामं आवरून मी माडीवर गेले आणि भावजींनी माझ्यासाठी मागं ठेवलेला कॉम्प्युटर उघडला. राजाच्या ओळीत, तिच्या रकान्यात काय भरायचं ते मला पक्कं ठाऊक आहे. राजा तिचा बापच. एक भरायचा. तरी मी शून्याचं बटण दाबलं. पडदा लाल झाला.

"वैनी, शून्य? नातं नाही, हे कुणी सांगितलं? का नुसतं वाटतंय? मला भीती वाटते हो. घाई नको. उठा, जाऊन विचारून या. मी इथंच थांबलोय."

मी उठले. गिरजाबाईच्या अंगणात गेले, त्या पाठीच्या शेपटीचा पांढरा झुपका उगाच हातात धरून बघितला. गिरजाबाईनं विचारलं, "काय झालं गं?" काही नाही म्हटलं. परत आले तेव्हा लाल अक्षरं तशीच होती, आणि त्यांच्या शेवटी ती बारीक रेघ लुकलुकत होती.